पडद्यावर दिल्ली, दारात नळदुर्ग

देशाच्या जन्मावरचा माहितीपट बहुधा एकाच रात्री सुरू होतो. दिल्ली, १४ ऑगस्ट १९४७, घटना समितीचं सभागृह. रात्री अकराला बैठक बसते, सुचेता कृपलानी ‘वंदे मातरम्’ म्हणतात, नेहरूंचं भाषण होतं, बाराचे ठोके पडतात, सभासद उभे राहून शपथ घेतात. मग दुसऱ्या दिवशीची गर्दी आणि वर चढणारा तिरंगा. ही दृश्यं शाळेपासून इतकी डोळ्यांखालून गेलेली असतात की ती सुरू झाली की माणूस आपोआप मागे रेलून बसतो.

सोलापुरात मात्र रेलून बसण्यासारखं काही नाही. त्याच रात्री सोलापुरातून तुळजापूरच्या वाटेला लागलेला माणूस पन्नास किलोमीटरच्या आत परराज्यात पोचत होता. पुढे करोडगिरीचा म्हणजे जकातीचा नाका, हाली सिक्क्याचे म्हणजे निजामाच्या चलनाचे पैसे आणि निजामाचा झेंडा. नळदुर्ग, उमरगा, धाराशिव सगळं हैदराबाद संस्थानात. अक्कलकोट तर स्वतःच एक संस्थान होतं, ते १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालं. १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे भारतीय सैन्याची मुख्य तुकडी निघाली ती सोलापूरहून, हैदराबादच्या रस्त्याने. पहिल्याच दिवशी नळदुर्ग हाती आलं आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. दिल्लीतली ती मध्यरात्र नळदुर्गला पोचायला तेरा महिने लागले, आणि ती पोचली सोलापूरच्या वाटेने.

म्हणून या शहरात असा माहितीपट दाखवून नुसतं ‘कसा वाटला?’ विचारणं म्हणजे अर्धा ऐवज बासनातच ठेवण्यासारखं आहे. उरलेला अर्धा समोर सतरंजीवर बसलेला असतो. त्याला बोलतं करायचं, तर त्याची तयारी पहिली खुर्ची मांडायच्या आधीपासून करावी लागते, आणि ती बरीचशी वायरी, चादरी आणि घड्याळ यांची असते.

माहितीपट निवडताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १५ ऑगस्ट १९४७ रोजी भारत सरकारकडे स्वतःचं चित्रपट खातंच नव्हतं. इंग्रजांच्या काळातलं ‘इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया’ १९४६ मध्ये बंद झालं आणि ‘फिल्म्स डिव्हिजन’ सुरू झालं १९४८ मध्ये. त्यामुळे त्या दिवसाचं जे चित्रण आज उपलब्ध आहे, ते मुख्यतः परदेशी वृत्तचित्र कंपन्यांनी आणि थोड्या खाजगी कॅमेरामननी केलेलं. कॅमेरा जिथं होता तिथलाच इतिहास पडद्यावर येतो. दिल्ली दिसते, मुंबई दिसते, पंजाबातले निर्वासितांचे तांडे दिसतात. बालाघाटाच्या पायथ्याची गावं दिसत नाहीत. हे प्रेक्षकांना चित्रपटाआधी दोन वाक्यांत सांगून ठेवलं, तर पडद्यावर काय आहे याच्याबरोबर काय नाही तेही लोक पाहू लागतात. माझ्या मते या एका सूचनेने चर्चेचा दर्जा जितका बदलतो, तितका मोठा पाहुणा बोलावून बदलत नाही.

लांबी पन्नास मिनिटांच्या आसपास असावी, फार तर साठ. दीड तासाचा माहितीपट उत्तम असला तरी त्यानंतर चर्चेला बसायची ताकद कोणात उरत नाही. लांबच दाखवायचा असेल तर दोन संध्याकाळी घ्याव्यात. कापून लहान करू नये. तो हक्क आपला नाही, आणि कापताना नेमका वादाचा भाग गळतो. हक्कांचंच बोलायचं तर आपल्या कायद्याप्रमाणे चित्रपटाचा कॉपीराइट प्रकाशनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं चालतो. म्हणजे पन्नाशीच्या दशकातली वृत्तचित्रं आता मोकळी झाली. पण तीच दृश्यं घेऊन गेल्या वीस वर्षांत केलेला नवा माहितीपट मोकळा नसतो. निर्मात्याला पत्र लिहून लेखी परवानगी घ्यावी. वस्तीतल्या विनातिकीट कार्यक्रमाला बहुतेक जण आनंदाने देतात. सार्वजनिक प्रदर्शनाला सेन्सॉरचं प्रमाणपत्रही लागतं, त्याची प्रत फाइलला लावावी. ध्वनिक्षेपकाची परवानगी पोलीस ठाण्यातून आठवडाभर आधी मागावी. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही, तेव्हा वेळापत्रक साडेनऊला संपेल असंच आखावं.

आता भाषेचं. सोलापूरच्या कुठल्याही शंभर माणसांच्या मेळाव्यात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषा बसलेल्या असतात. पूर्व भागात घरात तेलुगू, गल्लीत मराठी, आणि बाजारात जी लागेल ती. चांगल्या माहितीपटांचं निवेदन बहुधा इंग्रजीत किंवा हिंदीत असतं. त्यावर मराठी उपशीर्षकं स्वतः करावी लागतात, आणि इथं हौशी मंडळींचा अंदाज हमखास चुकतो. एका मिनिटाच्या निवेदनाला नवख्या माणसाचा अर्धा-पाऊण तास सहज जातो. म्हणजे पन्नास मिनिटांच्या चित्रपटाला दोघांनी मिळून दोन आठवड्यांच्या संध्याकाळी धराव्यात. एका वेळी दोनच ओळी, ओळीत पस्तीस-अडतीस अक्षरं, आणि पडद्यावर किमान दीड-दोन सेकंद. बोललेला प्रत्येक शब्द आणायचा हट्ट केला की लोक वाचत बसतात आणि चित्र निघून जातं.

उपशीर्षकांची फाइल युनिकोडमध्ये, यूटीएफ-८ करून जतन करावी, नाहीतर पडद्यावर चौकोनांच्या रांगा येतात. त्यातूनही जुन्या प्लेअरमध्ये जोडाक्षरं फुटतात. ‘राष्ट्र’, ‘क्रांती’, ‘दुसऱ्या’, ‘स्थिती’ हे चार शब्द आधी पडद्यावर टाकून पाहावेत. पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे गेली किंवा ‘ष्ट्र’चे तुकडे पडले, तर उपशीर्षकं चित्रातच कायमची उमटवून नवी फाइल करावी. मग लॅपटॉप कुणाचाही असो.

शब्दांची निवड मात्र यंत्रावर सोडता येत नाही. इंग्रजी निवेदक ‘डोमिनियन’ म्हणतो तिथं नुसतं ‘स्वतंत्र देश’ लिहिलं, तर पुढचा सगळा कालक्रम घसरतो. १५ ऑगस्ट १९४७ ते २५ जानेवारी १९५० या काळात भारत हे वसाहतीच्या दर्जाचं स्वराज्य होतं आणि कागदोपत्री राजा सहावा जॉर्जच होता. प्रजासत्ताक झालं २६ जानेवारी १९५० ला. ही अडीच वर्षं उपशीर्षकात नीट आली नाहीत, तर सभागृहातला एखादा दहावीचा मुलगा विचारतो, की मग २६ जानेवारीला नेमकं काय झालं? आणि चर्चा चालवणाऱ्याला मागे जाऊन सगळं पुन्हा उलगडावं लागतं. तसंच संविधानाच्या उद्देशिकेचं. प्रेम बिहारी नारायण रायजादा यांच्या हस्ताक्षरातलं मूळ पान पडद्यावर येतं, त्यात ‘समाजवादी’ आणि ‘धर्मनिरपेक्ष’ हे शब्द नाहीत. ते १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने आले. प्रेक्षकांत कुणीतरी शाळेच्या पुस्तकातली उद्देशिका पाठ असलेला असतोच आणि त्याला हा फरक लगेच दिसतो. उत्तर तयार ठेवावं, तारखेसकट.

सभागृह मोठं मिळालं तर आनंदच, पण अशा कार्यक्रमाला शंभर-सव्वाशे माणसांची जागा उत्तम. हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या नाट्यगृहात आवाज आणि अंधार आयते मिळतात, पण खुर्च्यांच्या रांगा सगळ्यांचं तोंड एकाच दिशेला करतात आणि बोलणारा पाठमोऱ्या लोकांशी बोलतो. वस्तीतलं समाजमंदिर, शाळेचा हॉल, तालमीची वरची खोली ही ठिकाणं चर्चेला चांगली. त्यांचा दोष म्हणजे खाली शहाबादी फरशी, चारी बाजूंना उघड्या भिंती आणि वर पत्रा किंवा स्लॅब. अशा खोलीत जुन्या वृत्तचित्राचा आवाज लावला की शब्दावर शब्द चढतो. लोक म्हणतात, आवाज वाढवा. वाढवला की घुमणंही वाढतं.

याला सोलापुरातला उपाय सोलापुरातच आहे. घराघरातून जाड चादरी गोळा कराव्यात. पंधरा-वीस पुरतात. पडद्यासमोरच्या, म्हणजे प्रेक्षकांच्या पाठीमागच्या भिंतीवर निम्म्याहून अधिक लावाव्यात, कारण स्पीकरच्या बॉक्समधून निघालेला आवाज सरळ तिथं आपटून परत येतो. उरलेल्या चादरी खिडक्यांवर. दोरी ताणून, भिंतीपासून चार बोटं पुढे आणि किंचित चुण्या पाडून लावल्या तर सपाट चिकटवण्यापेक्षा जास्त आवाज पितात. खिडक्यांवरच्या चादरींनी संध्याकाळचं तिरपं ऊनही अडतं. पातळ बेडशीट या कामाची नाही. वजनदार सुती विणच हवी. फरशीवर सतरंज्या दाट घालाव्यात. माणसं बसली की आवाज आणखी मऊ होतो, तेव्हा रिकाम्या खोलीत ठरवलेला आवाज कार्यक्रमात एक-दोन खुणांनी वाढवावा लागणार, हे साउंडवाल्याला सांगून ठेवावं. बॉक्स दोन, पडद्याच्या दोन्ही बाजूंना, स्टँडवर, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या वर. जुन्या निवेदनात खरखर असते म्हणून ट्रेबल थोडं कमी करायचा मोह होतो, पण फार कमी केलं की ‘स’ आणि ‘श’ जातात आणि बोलणं पुटपुटल्यासारखं होतं. त्यापेक्षा बास उतरवावा.

पडदा दहा फूट रुंदीचा, म्हणजे साडेपाच फुटांच्या आसपास उंचीचा. त्याची खालची कड जमिनीपासून चार फुटांवर असावी, लोक खाली बसणार असतील तर. खुर्च्या असतील तर पाच. ही कड खाली राहिली की उपशीर्षकं पुढच्या माणसाच्या डोक्यामागे जातात आणि मागच्या तीन रांगा चुळबुळतात. साध्या प्रोजेक्टरला दहा फुटी चित्रासाठी पंधराएक फूट अंतर लागतं, म्हणजे तो प्रेक्षकांच्या मधोमध येतो. त्याच्या टेबलाभोवती आधीच जागा सोडावी आणि वायरींवर रबरी पट्टी नाहीतर रुंद चिकटपट्टी लावावी. ३,५०० लुमेनचा प्रोजेक्टर अंधाऱ्या खोलीला पुरेसा होतो. लॅपटॉप प्रोजेक्टरशेजारीच ठेवावा. पंधरा मीटरची साधी एचडीएमआय वायर मध्येच सिग्नल सोडते आणि पडदा निळा होतो. लांब न्यायचीच तर आवाजाची वायर लांब न्यावी.

एक चूक इतकी सर्रास होते की ती वेगळी सांगायला हवी. १९४७ चं चित्रण चौकोनी प्रमाणात असतं, चारास तीन. प्रोजेक्टर रुंद पडदा भरायला ते आडवं ताणतो. मग गांधीजी जाडजूड दिसतात, झेंड्यावरचं चक्र लंबगोल होतं. लोकांना काहीतरी विचित्र वाटतं, पण काय ते कळत नाही. सेटिंगमध्ये जाऊन मूळ प्रमाण ठेवावं, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्याव्यात. ज्या माणसांवर आपण दोन तास बोलणार, त्यांचे चेहरे तरी त्यांचे असावेत.

विजेची व्यवस्था. प्रोजेक्टर तीनशे वॅटच्या आसपास घेतो, लॅपटॉप साठ-सत्तर. हे दोनच १ केव्हीएच्या यूपीएसवर ठेवावेत. वीज गेली तर पाच-दहा मिनिटं मिळतात आणि तेवढ्यात इन्व्हर्टर किंवा जनरेटर सुरू होतो. दिव्याच्या प्रोजेक्टरची वीज एकदम तुटली की आतला पंखा थांबतो आणि तापलेला दिवा निवत नाही. त्याचं आयुष्य तिथंच घटतं. यंत्रमागाच्या वस्तीत आणखी एक शत्रू असतो, तो म्हणजे सुताचा कोंडा. हवेत दिसतही नाही, पण प्रोजेक्टरच्या जाळीवर तासाभरात पातळ थर धरतो. मग प्रोजेक्टर तापतो आणि नेमका फाळणीच्या दृश्यात बंद पडतो. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी जाळी काढून मऊ ब्रशने साफ करावी, टेबल मागाच्या बाजूच्या दारापासून लांब ठेवावं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असताना हा कार्यक्रम करूच नये. पंखे पूर्ण वेगाने लावले की आवाज गेला, आणि बंद ठेवले की माणसं गेली.

तारीख कोणती घ्यावी? १२ जानेवारी सोलापूरला सर्वांत जवळची. १९३१ साली त्या दिवशी येरवड्याच्या तुरुंगात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना फाशी दिलं. मे १९३० मध्ये शहरात लागलेल्या मार्शल लॉची, म्हणजे लष्करी अंमलाची, ती अखेर. त्याआधी ६ एप्रिल १९३० ला नगरपालिकेच्या इमारतीवर राष्ट्रध्वज चढला होता. या चौघांच्या पुतळ्यांपाशी रोज रिक्षा थांबतात, पण ही तारखांची साखळी सलग किती जणांना ठाऊक असते? मात्र १२ जानेवारीला गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वरांची, यात्रा तोंडावर असते. मांडववाले, साउंडवाले, वायरमन कोणी मिळत नाही आणि लोकांचं लक्ष अक्षता सोहळ्याकडे. तोच कार्यक्रम यात्रेनंतर, २६ जानेवारीच्या आगेमागे निवांत होतो. १७ सप्टेंबर, निजामाच्या शरणागतीचा दिवस, पुष्कळदा गणपतीत सापडतो. १५ ऑगस्टच्या सुमारास नारळी पौर्णिमेला मार्कंडेयांचा रथ असतो, तेव्हा पूर्व भागात कोणाला सवड नसते. २६ नोव्हेंबर हा संविधान दिन हवेच्या आणि सवडीच्या दृष्टीने सगळ्यात सोयीचा. वेळ संध्याकाळी सहाची धरली तर बिडीच्या कारखान्यात माल देऊन परतलेल्या बायका येऊ शकतात. सातनंतर त्या स्वयंपाकात अडकतात. ज्या वस्तीत कार्यक्रम आहे तिथल्या दोन-तीन बायकांना वेळ विचारूनच पत्रिका छापावी.

दीपप्रज्वलन, सत्कार, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय यांत पाऊण तास गेला की चर्चेचा पाऊण तास गेला. चित्रपटाआधी बोलणं पाच मिनिटं, एकाच माणसाचं. त्यात एक सूचना जरूर द्यावी. राष्ट्रगीताविषयीच्या सरकारी आदेशांत स्पष्ट म्हटलं आहे, की वृत्तचित्रात किंवा माहितीपटात चित्रपटाचा भाग म्हणून राष्ट्रगीत वाजलं तर प्रेक्षकांनी उभं राहणं अपेक्षित नाही, कारण त्याने प्रदर्शनात खंड पडतो आणि गोंधळ होतो. हे आधी सांगितलं नाही, तर अंधारात निम्मे उभे राहतात, निम्मे बसून राहतात, आणि कुणीतरी कुणावर तरी खेकसतो. ‘जन गण मन’ राष्ट्रगीत म्हणून ठरलं २४ जानेवारी १९५० ला, हेही त्याच वेळी सांगावं. कार्यक्रमाच्या शेवटी सगळ्यांनी मिळून बावन्न सेकंद उभं राहून ते म्हणावं.

चहा चित्रपट आणि चर्चा यांच्या मध्ये कधीही ठेवू नये. लोक बाहेर जातात, चपला सापडतात आणि घर आठवतं. चहा जागेवर द्यावा, चर्चा सुरू असतानाच, किंवा सगळं झाल्यावर कडक भाकरी आणि शेंगाचटणीबरोबर.

चित्रपट संपला की सगळ्या ट्यूबलाइट एकदम लावू नयेत. एक बाजूचा दिवा लावावा आणि मिनिटभर कोणी बोलू नये. त्या मिनिटात लोक शेजारच्याशी हळू बोलतात, आणि चर्चा खरी तिथं सुरू होते. मग पहिला प्रश्न. ‘काय शिकलो?’ किंवा ‘कसा वाटला?’ याला उत्तर ‘छान’ एवढंच येतं आणि पुढे भाषणं सुरू होतात. प्रश्न असा हवा की उत्तर देण्यासाठी विद्वत्ता लागू नये: ‘तुमच्या घरातलं माणूस त्या वर्षी कुठल्या गावात होतं?’ एवढंच. याला विणकर, शिक्षिका, रिक्षावाला, निवृत्त तहसीलदार सगळे सारख्याच अधिकाराने उत्तर देतात. घर म्हटल्यामुळे बायकाही आधी बोलतात. १४ ऑगस्टच्या त्या रात्री भारतातल्या स्त्रियांच्या वतीने हंसा मेहतांनी सभागृहाला राष्ट्रध्वज अर्पण केला होता. ते दृश्य किंवा छायाचित्र चित्रपटात असेल तर तिथंच पहिला माईक बायकांच्या बाजूला न्यावा.

माईक दोन. बिनवायरीच्या माईकमध्ये नवे सेल, जास्तीचे खिशात. माईक कार्यकर्त्याने स्वतः धरावा, बोलणाऱ्याच्या हातात देऊ नये. दिला की दोन मिनिटांची आठ होतात. म्हाताऱ्या माणसाला खुर्ची देऊन बसून बोलू द्यावं आणि त्यांच्यासाठी घड्याळ बाजूला ठेवावं. १९४८ मध्ये दहा वर्षांचा असलेला माणूस आज पंच्याऐंशी ओलांडून गेला आहे. त्यांचं बोलणं, त्यांची परवानगी घेऊन, फोनवर ध्वनिमुद्रित करावं, आणि फोन टेबलावर ठेवण्याऐवजी त्यांच्याजवळ हातात धरावा. तेलुगू किंवा कन्नडमध्ये बोलावंसं वाटलं तर बोलू द्यावं. शेजारी बसलेलं कुणीही दोन-दोन वाक्यांनी मराठी करतं. सोलापुरात दुभाषी शोधावा लागत नाही.

अवघड भाग १९४८ चा. सीमेवरच्या गावांत रझाकारांचे, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांचे, छापे, लुटालूट, जाळपोळ आणि त्यापायी रातोरात सोलापूर-बार्शीकडे आलेली कुटुंबं यांच्या आठवणी अनेक घरांत आहेत. आणि पोलीस ॲक्शननंतर, म्हणजे सप्टेंबर १९४८ च्या त्या लष्करी कारवाईनंतर, मुसलमान वस्त्यांवर झालेल्या हल्ल्यांच्या आठवणीही घराघरात आहेत, फक्त त्या कमी बोलल्या जातात. त्या हल्ल्यांच्या चौकशीसाठी केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली होती. समितीने पोलीस ॲक्शनच्या काळात आणि नंतर किमान सत्तावीस ते चाळीस हजार माणसं मारली गेल्याचा अंदाज दिला, आणि सर्वाधिक झळ पोचलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड ही नावं लिहिली. उस्मानाबाद म्हणजे आजचं धाराशिव, आणि गुलबर्गा तर सोलापूरला लागूनच. तो अहवाल कित्येक दशकं जनतेपुढे आला नाही. या दोन्ही आठवणींची माणसं एकाच सतरंजीवर बसलेली असतात. एकीने दुसरी खोडायची नाही, दोन्ही पूर्ण ऐकायच्या, हे चर्चा चालवणाऱ्याने आधीच मोठ्याने सांगावं आणि पाळावं.

आवाज चढला तर माईक बंद करू नये. त्याने अपमान होतो आणि माणूस माईकशिवाय ओरडतो. तिथं एकच गोष्ट विचारावी: गाव कोणतं, साल कोणतं? ‘त्यांनी आम्हाला’ असं सुरू झालेलं वाक्य या प्रश्नापाशी थांबतं, बोलणारा आठवू लागतो आणि ‘आमच्या आजोबांच्या वाड्याला’ असं पुढे जातं. कोणी केलं, हे सांगताना संघटनेचं नाव, टोळीचं नाव, माणसाचं नाव चालेल. सगळ्या समाजाचं नाव चालणार नाही. हा नियम कडक आहे आणि तो दोन्ही बाजूंना सारखाच लावावा लागतो. एकदा जरी एका बाजूला सूट मिळाली, की पुढच्या वर्षी दुसरी बाजू येत नाही.

कुणी म्हणेल, देशाच्या जन्माचा दिवस, त्यात वाद कशाला? पण हा देश वाद घालतच जन्मला. घटना समितीची ११ सत्रं झाली, १६५ दिवस बैठका चालल्या. मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या आणि २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. सुमारे ५३,००० लोकांनी प्रेक्षक-कक्षात बसून ते ऐकलं. १७ ऑक्टोबर १९४९ ला उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावाने व्हावी अशी दुरुस्ती ह. वि. कामत यांनी मांडली. मतदान झालं, बाजूने ४१, विरुद्ध ६८. ईश्वराचा प्रश्नसुद्धा हात मोजून सुटला आणि पुढच्या सत्रात सगळे पुन्हा त्याच बाकांवर बसले. चर्चा तापली की हे आकडे फळ्यावर लिहावेत. लोक त्यांच्याकडे पाहतात आणि बोलणं जरा सैल होतं.

सगळ्यात उपयोगी वस्तू मात्र फळा नाही, नकाशा. चार फूट बाय सहा फुटांच्या कापडावर किंवा जाड कागदावर, सोलापूर मध्यभागी ठेवून चहूबाजूंचा शंभर किलोमीटरचा टापू हाताने काढावा. १४ ऑगस्ट १९४७ ची स्थिती, तीन रंगांत: मुंबई प्रांत, हैदराबाद संस्थान, आणि लहान संस्थानं. सोलापूर, बार्शी, पंढरपूर, विजापूर एका रंगात. तुळजापूर, नळदुर्ग, उमरगा, आळंद, गुलबर्गा दुसऱ्या रंगात. अक्कलकोट तिसऱ्या, आणि सांगली संस्थानातलं मंगळवेढाही तिसऱ्याच. रस्ते आणि रेल्वे पेन्सिलीने. त्यावर एक पारदर्शक प्लास्टिक बसवून १ नोव्हेंबर १९५६ च्या रेषा काढाव्यात. त्या दिवशी विजापूर मुंबई राज्यातून म्हैसूरकडे गेलं आणि धाराशिव हैदराबादेतून मुंबईकडे आलं. दुसऱ्या प्लास्टिकवर १ मे १९६० चा महाराष्ट्र. प्लास्टिक एकेक करून उलटलं की हद्दी सरकताना दिसतात आणि गावं मात्र जागच्या जागी राहतात. अक्षरं बोटभर उंचीची हवीत. बारीक लिहिलं तर म्हातारी माणसं लांबूनच हात जोडून परत फिरतात.

नकाशापाशी दोन जाड पेन्सिली दोरीने बांधून ठेवाव्यात. ज्याला वाटेल त्याने आजी-आजोबांच्या गावावर ठिपका द्यावा आणि शेजारी साल लिहावं. कुणाचं गाव नकाशाच्या बाहेर पडतं. तेलंगणातून सोलापूरला आलेल्या विणकर कुटुंबांचं तर हमखास. त्यांच्यासाठी उजव्या कडेला कोरी पट्टी सोडून ठेवावी. ती पट्टी बहुधा सगळ्यात आधी भरते. राष्ट्रगीत झालं, चहा झाला, प्रोजेक्टर बंद करून त्याचा पंखा थांबेपर्यंत वाट पाहिली, वायरी गुंडाळल्या, तरी तिथं माणसं उभी असतात, एकमेकांना बोटाने रस्ते दाखवत. नकाशाजवळच्या भिंतीवरची चादर सगळ्यात शेवटी काढावी.